दवाखान्याची बिलं आणि कॉलेजची आर्थिक मदत: फाफ्सानंतर करावा लागलेला दुसरा अर्ज

अमेरिकेत मुलांच्या कॉलेजसाठी आर्थिक मदत मागायची, तर सुरुवात फाफ्सा या फेडरल सरकारच्या मदतीच्या फॉर्मपासून होते. तो आम्ही पहिल्यांदा भरायला बसलो तेव्हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच प्रश्न शोधत होतो: वर्षभरात दवाखान्यात गेलेले पैसे लिहायचे कुठे? तो प्रश्न फॉर्मवर नाहीच. टीप लिहायला रिकामी चौकटही नाही. फॉर्म जमा झाला, आकडा आला आणि तो आकडा घरात आजारपण नसलेल्या कुटुंबाचा होता. पुढे काय करायचं हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला. दवाखान्याचा खर्च दाखवून तो आकडा बदलून घेण्यासाठी कॉलेजकडे दुसरा अर्ज करता येतो. त्यानंतर तीन वर्षं तो अर्ज करताना जे हाती आलं, ते इथे क्रमाने देत आहोत.

आधी तो आकडा कसा निघतो ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. २०२४-२५ च्या शैक्षणिक वर्षापासून फाफ्सामधून ‘स्टुडंट एड इंडेक्स’ निघतो. बोलताना सगळे एसएआय म्हणतात. पूर्वी त्याच्या जागी ईएफसी (कुटुंबाचा अपेक्षित वाटा) असे. एसएआय जितका कमी तितकी गरज जास्त, आणि तो उणे १५०० पर्यंत खाली जाऊ शकतो. उत्पन्न धरतात ते दोन वर्षांपूर्वीचं. २०२६-२७ साठी २०२४ चा टॅक्स रिटर्न, आणि ती माहिती आयआरएस या फेडरल कर खात्याकडून थेट फॉर्ममध्ये येते. त्या उत्पन्नातून फेडरल आयकर, पगारातून कापला जाणारा पेरोल टॅक्स, नोकरी करण्याच्या खर्चापोटी थोडी रक्कम आणि कुटुंबाच्या आकारानुसार ‘इन्कम प्रोटेक्शन अलाउन्स’ वजा होतो. उरलेल्या रकमेवर २२ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत चढत्या दराने आईवडिलांचा वाटा ठरतो.

औषधपाण्याचा विचार या गणितात फक्त एका ठिकाणी आहे, तोही आडून. इन्कम प्रोटेक्शन अलाउन्स म्हणजे घर चालवायला लागणारा किमान खर्च. कॉलेजांसाठी शिक्षण खात्याची जी मार्गदर्शक पुस्तिका आहे, तिच्यात या रकमेचा साधारण ११ टक्के भाग वैद्यकीय खर्चाचा समजावा असं म्हटलं आहे. चौघांच्या कुटुंबाला हा अलाउन्स ४५ हजार डॉलर धरला, तर ४,९५० डॉलरचा दवाखाना सूत्राने आधीच गृहीत धरलेला असतो. त्यावरचा खर्च सूत्राला दिसत नाही. तो दाखवावा लागतो, आणि दाखवायचा तो कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमधल्या माणसाला.

इथे एक गैरसमज फार जणांचा असतो, आमचाही होता. वाटतं, टॅक्स रिटर्नमध्ये शेड्यूल ए वर, म्हणजे वजावटी एकेक करून दाखवायच्या फॉर्मवर, वैद्यकीय खर्च दाखवला की तो फाफ्सात आपोआप धरला जाईल. तसं होत नाही. शेड्यूल ए वरची वजावट एजीआयच्या (अ‍ॅडजस्टेड ग्रॉस इन्कम, म्हणजे या वजावटींआधीचं उत्पन्न) नंतर होते, आणि फाफ्सा एजीआय उचलतो. एजीआयच्या साडेसात टक्क्यांवरचा खर्च वजा करून तुमचा आयकर कमी झाला, तर फाफ्साच्या सूत्रात वजा होणारा आयकरही कमी होतो. म्हणजे एसएआय किंचित वरच जातो! शिवाय अनेकांना शेड्यूल ए भरून काही उपयोगच नसतो. एजीआय १ लाख २० हजार आणि पदरचा खर्च २४ हजार असेल, तर साडेसात टक्के म्हणजे ९ हजार सोडून १५ हजार वजावटीला मिळतात. त्यात राज्याचा कर आणि मालमत्ता कराचे १० हजार मिळवले तरी २५ हजारच. २०२४ साठी नवराबायकोच्या एकत्र रिटर्नची स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे खर्च न दाखवता मिळणारी ठरावीक वजावट, २९,२०० होती. घराचं व्याज मोठं नसेल तर स्टँडर्ड डिडक्शनच घेतली जाते, आणि रिटर्नवर आजारपणाची खूणही राहत नाही. एड ऑफिसने ‘शेड्यूल ए पाठवा’ म्हटलं तर घाबरू नका; ‘आम्ही स्टँडर्ड डिडक्शन घेतली, म्हणून पावत्या जोडत आहोत’ एवढं एक वाक्य पुरतं.

दुसरा खड्डा ४०१के चा, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या निवृत्तीच्या खात्याचा. बिलं भरायला त्यातून पैसे काढले, की ती रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात येते. साडेसात टक्क्यांवरच्या वैद्यकीय खर्चापुरता वयाच्या साडेएकोणसाठच्या आतला १० टक्के दंड माफ असतो, पण उत्पन्नातून सुटका नाही. दोन वर्षांनी फाफ्सा ते उत्पन्न पाहतो आणि ज्या वर्षी घर सर्वांत जास्त अडचणीत होतं, ते वर्ष कागदावर सर्वांत श्रीमंत दिसतं. हे ऑफिसला वेगळं सांगावं लागतं: अमुक रक्कम एकदाच काढली, अमुक बिलांसाठी काढली, पैसे काढल्याचा कराचा फॉर्म १०९९-आर हा, आणि पैसे दवाखान्यात गेल्याचा पुरावा हा. अशी एकरकमी आलेली रक्कम उत्पन्नातून वगळण्याचा अधिकार ऑफिसला आहे.

हा अधिकार येतो कुठून? हायर एज्युकेशन अ‍ॅक्टच्या कलम ४७९ए मधून. त्याला ‘प्रोफेशनल जजमेंट’ म्हणतात. विम्याने न भरलेला वैद्यकीय, दातांचा किंवा नर्सिंग होमचा खर्च हे कारण त्या कलमात नाव घेऊन दिलेलं आहे. घरातल्या कुणाचं गंभीर अपंगत्व आणि नोकरी किंवा उत्पन्नातला बदल हीही कारणं आहेत. तुम्ही मागताय ती मेहेरबानी नाही, कायद्याने ठेवलेली वाट आहे; हे मनात पक्कं असलं की पत्राचा सूरही सरळ राहतो. ‘आमच्याकडे असे अर्ज घेतच नाहीत’ असं सरसकट धोरण कॉलेजला ठेवता येत नाही, आणि असा अर्ज करता येतो हे जाहीरपणे सांगणं कॉलेजवर बंधनकारक आहे. मात्र प्रत्येक अर्जाचा निर्णय त्या ऑफिसचा. त्यावर शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. एका कॉलेजने मान्य केलं म्हणून दुसऱ्यावर ते बंधनकारक नसतं, म्हणून चार कॉलेजांत प्रवेश मिळाला असेल तर चार वेगळे अर्ज. आणि फाफ्सावरचे आकडे आपण स्वतः कधीही ‘दुरुस्त’ करायचे नाहीत. खर्च वजा करून उत्पन्न लिहिणं ही खोटी माहिती ठरते. आकडा बदलायचा तो ऑफिसने.

अर्जाला हात घालण्यापूर्वी एक संध्याकाळ गणितासाठी काढा. अनेक घरांत महिनाभर कागद गोळा होतात आणि शेवटी हातात काहीच येत नाही, कारण आकडा हलला तरी मदत हलणार नव्हती.

वरचंच कुटुंब घेऊ. चौघं, दोघं कमावते, एजीआय १ लाख २० हजार, बचत शून्य धरू. आयकर, पेरोल टॅक्स आणि अलाउन्स वजा जाता साधारण ५० हजार उरतात आणि एसएआय १७ हजारांच्या घरात येतो. पदरचा दवाखाना २४ हजार, त्यातून ४,९५० गेले, उरले १९,०५०. ऑफिसने ते पूर्ण मान्य केले तर एसएआय साडेआठ हजारांच्या आसपास उतरतो. ३२ हजार खर्चाच्या राज्य विद्यापीठात कागदावरची गरज (खर्च वजा एसएआय) १५ हजारांवरून साडेतेवीस हजारांवर गेली. पण पेल ग्रँट, म्हणजे गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची फेडरल मदत? ती अजून हाती नाही, कारण २०२५-२६ साठी कमाल पेल ७,३९५ डॉलर आहे आणि एसएआय त्याच्याही वर आहे. फरक पडेल तो कॉलेजच्या स्वतःच्या ग्रँटमध्ये, तीही त्या कॉलेजकडे पैसा असेल तर.

आता त्याच घरात आजारपणामुळे एकाची नोकरी अर्धी झाली आणि चालू वर्षाचं उत्पन्न ८५ हजारांवर आलं असं धरा. नुसत्या उत्पन्नाच्या बदलाने एसएआय पाच हजारांच्या आसपास येतो. त्यावर दवाखान्याचे १९ हजार वजा झाले तर तो हजाराच्याही खाली जातो, आणि साडेसहा हजारांच्या आसपास पेल मिळू शकते. म्हणून आमचं ठाम मत आहे की आजारपणाच्या अर्जात बिलांइतकंच, बरेचदा बिलांहून जास्त महत्त्व बुडालेल्या पगाराला द्यावं. एफएमएलए या रजेच्या फेडरल कायद्याची १२ आठवड्यांची रजा बिनपगारी असते. शॉर्ट टर्म डिसॅबिलिटी विम्यात पगाराचा काही भागच मिळतो. फाफ्सा मात्र दोन वर्षांपूर्वीचा पूर्ण पगार पाहत असतो. बऱ्याच कॉलेजांत या दोन गोष्टींचे फॉर्म वेगवेगळे असतात, एक उत्पन्न घटल्याचा आणि एक वैद्यकीय खर्चाचा. समोरून एकच दिला तर दुसरा मागून घ्या. पहिल्या वर्षी आम्ही फक्त बिलांचा भरला होता.

दोन टोकांना अर्जाचा उपयोग नसतो. एसएआय आधीच शून्याखाली असेल तर पेल पूर्ण मिळतेच, आणखी खाली जाऊन फार काही वाढत नाही. एसएआय ६० हजार आणि कॉलेजचा वर्षाचा खर्च ३२ हजार असेल, तर ९ हजारांनी उतरूनही गरज शून्यच. पण त्याच मुलाला ८५ हजार खर्चाच्या खासगी कॉलेजात प्रवेश असेल तर तेच ९ हजार मोलाचे. कुठल्या कॉलेजात अर्ज करण्यात अर्थ आहे हे असं ठरतं. गरज वाढल्याचा आणखी एक लहान फायदा कर्जात दिसतो. पहिल्या वर्षाच्या ५,५०० डॉलरच्या फेडरल कर्जातले ३,५०० पर्यंत सबसिडाइज्ड असू शकतात, म्हणजे शिकत असताना त्यांचं व्याज सरकार भरतं. त्यासाठी कागदावर गरज असावी लागते.

आता कागदपत्रं. इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर.

ऑफिसला हवा असतो एकच आकडा: ठरलेल्या बारा महिन्यांत, विमा आणि इतर सगळी मदत वजा जाता, तुम्ही प्रत्यक्ष भरलेली रक्कम. यातला प्रत्येक शब्द मोजून घ्यायचा. ‘ठरलेले बारा महिने’ कॉलेजगणिक वेगळे असतात. काहींना टॅक्स रिटर्नचंच वर्ष हवं असतं, काहींना सरलेलं वर्ष, काहींना आजपासून मागचे बारा महिने. आधी विचारा, मग फाईल लावा. दोन वर्षांची बिलं एकत्र झाली की अर्ज परत येतो. आमचा आला होता.

‘भरलेली’ म्हणजे भरलेलीच. दवाखान्याचं ४० हजारांचं स्टेटमेंट जोडून उपयोग नाही. हप्ते बांधून घेतले असतील तर त्या काळात गेलेले हप्तेच मोजतात. विमा कंपनीचं ईओबी (कोणी किती भरायचं याचा तपशील) हे बिल नव्हे, तसं त्यावर छापलेलंही असतं. त्यात दवाखान्याने लावलेली रक्कम, विम्याने मान्य केलेली रक्कम, विम्याने दिलेली आणि तुमच्या वाट्याची, असे रकाने असतात. त्यातला शेवटचा रकाना आणि तुमची पावती यांची जोडी जुळली पाहिजे. ऑफिस हेच ताडून पाहतं. नुसतं ईओबी पाठवलं तर पैसे भरल्याचा पुरावा नाही, नुसती क्रेडिट कार्डाची ओळ पाठवली तर ते कशाचे हे कळत नाही.

दवाखान्याच्या पोर्टलवरून यादी उतरवून घेताना ती उपचाराच्या तारखेने लागलेली असते. डिसेंबरात झालेल्या शस्त्रक्रियेचे पैसे मार्चमध्ये गेले असतील तर ते मार्चच्या वर्षात धरतात. बिलिंग खात्याला फोन करून ‘पेमेंट हिस्टरी’ मागावी, ती पैसे भरल्याच्या तारखेने येते. एका शस्त्रक्रियेची बिलं पाच-सहा ठिकाणांहून येतात: दवाखाना, सर्जन, भूल देणारे डॉक्टर, पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी, अ‍ॅम्ब्युलन्स. शेवटची दोन-तीन हमखास निसटतात. औषधांच्या सुट्या पावत्या चिकटवत बसू नका. फार्मसीच्या काउंटरवर वर्षभराची छापील यादी मागितली की मिळते; तिच्यावर प्रत्येक औषधापुढे विम्याने किती दिले आणि तुम्ही किती, हे वेगळं असतं. दातांचा खर्च, चष्मा, ऐकण्याचं यंत्र, फिजिओथेरपी, मानसोपचार हेही वैद्यकीय खर्चात येतात. गाडीने केलेल्या दवाखान्याच्या खेपांना आयकराच्या नियमात २०२४ साठी मैलाला २१ सेंट धरतात. तारीखवार नोंद असेल तर काही कॉलेजं तेवढे मानतात. जीवनसत्त्वाच्या गोळ्या, जिम, सौंदर्योपचार यादीत घालू नका. त्या दोनशे डॉलरपायी उरलेल्या यादीवरचा विश्वास डळमळतो.

दुहेरी मोजणी ही सर्वांत महाग पडणारी चूक. पगारातून करपूर्व कापला जाणारा विम्याचा हप्ता एजीआयमध्ये नसतोच. तो पुन्हा खर्च म्हणून दाखवला तर ऑफिस काढून टाकतं, आणि उरलेली यादी बारकाईने तपासायला घेतं. एचएसए आणि एफएसए या वैद्यकीय खर्चाच्या करमुक्त खात्यांमधून भरलेल्या बिलांचंही तेच, ते पैसे करातून आधीच सुटलेले असतात. स्वतःच्या खिशातून, कर भरलेल्या पैशांतून भरलेला हप्ता, उदाहरणार्थ नोकरी गेल्यावर जुनाच विमा चालू ठेवण्याच्या कोब्रा योजनेचा, मात्र दाखवता येतो आणि तो मोठा असतो. मंडळातल्या किंवा ऑफिसमधल्या लोकांनी वर्गणी काढून मदत केली असेल तर तेवढी रक्कम खर्चातून वजा करून दाखवा. ते पैसे खात्यात पडून असतील तर फाफ्सा भरण्याच्या दिवशीची शिल्लक म्हणून ते फॉर्मवरही येतात. आईवडिलांच्या खात्यातली शिल्लक जास्तीत जास्त ५.६४ टक्क्यांनी एसएआय वाढवते, मुलाच्या नावच्या खात्यातली २० टक्क्यांनी. म्हणून अशी मदत मुलाच्या खात्यात गोळा करू नये. आणि जे बिल नक्की भरायचंच आहे, ते फाफ्सा जमा करण्याआधी भरलेलं बरं. शिल्लक त्या दिवसाची धरतात.

पण ‘नक्की भरायचंच’ हे आधी तपासा. ना-नफा दवाखान्यांना फेडरल कायद्याने स्वतःचं आर्थिक साहाय्याचं धोरण ठेवावंच लागतं, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज करता येतो. ५० हजारांच्या आसपास उत्पन्नाच्या घरांनाही बरेचदा सूट मिळते, आणि दवाखान्याने माफ केलेला एक डॉलर कॉलेजने मान्य केलेल्या एका डॉलरपेक्षा मोठा असतो, कारण कॉलेज त्यातला फार तर ४७ सेंट एवढाच परिणाम धरतं. आपत्कालीन उपचारांत नेटवर्कबाहेरच्या (विमा कंपनीशी करार नसलेल्या) डॉक्टरांनी लावलेली जादा रक्कम १ जानेवारी २०२२ पासून ‘नो सर्प्राइजेस अ‍ॅक्ट’ने बहुतेक ठिकाणी बंद झाली आहे, जमिनीवरची अ‍ॅम्ब्युलन्स सोडून. विमा योजनेत वर्षभरात तुमच्या पदरचे जास्तीत जास्त किती जाऊ शकतात, ती मर्यादाही पाहा. २०२५ साठी कायद्याने ती एका माणसाला ९,२०० आणि कुटुंबाला १८,४०० हून जास्त असू शकत नव्हती, नेटवर्कमधल्या उपचारांपुरती. तुमचा आकडा त्याच्या बराच वर असेल तर ऑफिस कारण विचारणारच: नेटवर्कबाहेरचे उपचार, विम्याने नाकारलेलं औषध की मोजणीतली चूक? उत्तर आधीच पत्रात असू द्या.

पत्र एका पानाचं. पहिल्या परिच्छेदात विद्यार्थ्याचं नाव, कॉलेजचा आयडी, शैक्षणिक वर्ष आणि मागणी: इतक्या रकमेचा न भरपाई झालेला वैद्यकीय खर्च आणि इतकी उत्पन्नातली घट विचारात घ्यावी. दुसऱ्यात काय झालं, कधीपासून, पुढे चालू राहणार का. तिसऱ्यात आकडा कसा काढला. मागे एका पानाचा तक्ता जोडा, त्यात तारीख, कोणावर उपचार, कुठे, बिल किती, विमा किती, आम्ही भरले किती, कशातून, आणि पुराव्याचा क्रमांक. तोच क्रमांक प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात हाताने लिहा. ऑफिसातल्या माणसाकडे एप्रिलमध्ये अशा फायली ढिगाने असतात; ज्या फाईलमध्ये बेरीज शोधावी लागत नाही ती पुढे सरकते. उपचारांचे संपूर्ण रिपोर्ट पाठवू नका, कुणी मागतही नाही. उपचार आवश्यक आहेत आणि अमुक काळ चालतील, एवढं डॉक्टरांचं पत्र पुरतं. आजाराचं नाव लिहायची इच्छा नसेल तर ‘दीर्घकाळ उपचार लागणारा आजार’ चालतो. दुसऱ्या कॉलेजने किती दिलं, हे या पत्रात आणू नका. तो वेगळा विषय आहे, आणि इथे तो आला की सगळं पत्र घासाघीस वाटू लागतं.

मराठी घरांत हमखास येणारा प्रश्न भारतातल्या आईवडिलांचा. पुण्याला वडिलांच्या बायपाससाठी आठ लाख रुपये पाठवले, ते धरतील का? फाफ्साच्या कुटुंबात ते येत नाहीत, आणि अमेरिकेच्या करनियमांत भारतात राहणारे आईवडील सहसा आश्रित ठरत नाहीत. त्यामुळे हक्काने मागता येत नाही, पण ऑफिसच्या अखत्यारीत ते येतं. सांगायचं असेल तर बँकेच्या ट्रान्सफरची पावती, दवाखान्याचं अंतिम बिल, त्याचं इंग्रजी भाषांतर, त्या दिवसाचा विनिमय दर आणि भावंडांनी उचललेला वाटा, हे सगळं स्पष्ट द्या आणि हा आकडा मुख्य बेरजेत न मिसळता खाली वेगळा दाखवा. तो नाकारला गेला तरी वरची बेरीज शाबूत राहते. व्हिजिटर व्हिसावर आलेले सासू-सासरे इथे आजारी पडले आणि व्हिजिटर विम्याने जुना आजार म्हणून हात वर केले, तर बिल त्यांच्या नावावर असतं. तुम्ही भरलं असेल तर भरल्याचा पुरावा आणि ते तुमच्या घरी राहत होते याचा पुरावा, दोन्ही लागतात.

व्हिसाचंही इथेच सांगतो. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला फाफ्सा भरता येतो. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही खातं काढता येतं. एच-४ या त्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या मुलाला मात्र फेडरल मदत नाही. त्याच्यासाठी वाट उरते ती कॉलेजच्या स्वतःच्या पैशांची, आणि बरेचदा ती सीएसएस प्रोफाइलमधून जाते.

कॉलेज बोर्डाचा हा फॉर्म मुख्यतः खासगी कॉलेजं वापरतात. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. एजीआय १ लाखापर्यंत असलेल्या घरातल्या अमेरिकेतल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना फी माफ. इथे विम्याने न भरलेल्या वैद्यकीय आणि दातांच्या खर्चाचा प्रश्न सरळ विचारलेला असतो, आणि खास परिस्थिती लिहायला जागा असते. त्यात मावेल एवढाच मजकूर आधी वेगळा लिहून ठेवा. त्यातले आकडे आणि नंतर ऑफिसला दिलेल्या पत्रातले आकडे सेंटपर्यंत जुळले पाहिजेत. सीएसएसमध्ये लिहिलं म्हणून काम संपलं असं समजू नका, फेडरल मदतीसाठी ऑफिसकडे वेगळा अर्ज लागतोच. राज्याची मदत आणखी निराळी. न्यूयॉर्कची टॅप ही ग्रँट राज्याच्या करपात्र उत्पन्नावर ठरते, म्हणजे जी वजावट फाफ्साला दिसत नाही ती तिथे कामी येऊ शकते. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांनी राज्याच्या रिटर्नवर आयटमाइझ करून (वजावटी एकेक दाखवून) पाहावंच.

जमा करताना तीन गोष्टी अडतात. फाफ्सा व्हेरिफिकेशनसाठी, म्हणजे माहितीच्या पडताळणीसाठी, निवडला गेला असेल तर ते पूर्ण झाल्याशिवाय हा अर्ज उघडत नाही; पोर्टलवर ‘अपूर्ण’ असं एक शब्दाचं कारण दिसतं आणि आठवडे जातात. प्रवेश झालेल्या विद्यार्थ्याची माहिती फर्पा या विद्यार्थ्यांच्या गोपनीयतेच्या कायद्याखाली येते, म्हणून त्याने संमतीचा फॉर्म भरला नसेल तर ऑफिस पालकाशी बोलत नाही. फोन करताना मुलाला शेजारी बसवा, किंवा तो फॉर्म आधी भरून ठेवा. आणि वैद्यकीय कागद साध्या ईमेलने पाठवू नका, पोर्टलवरच चढवा, एकच पीडीएफ, तक्ता सर्वांत वर.

निकाल बहुधा काही आठवड्यांनी येतो. मान्य झाल्यास कॉलेज फाफ्सामधला आकडा बदलून पाठवतं, नवा सारांश विद्यार्थ्याच्या खात्यात दिसतो आणि सुधारित मदतीचं पत्र त्यामागून. ते पत्र ओळीने वाचा. मदत ‘वाढली’ असं लिहिलेलं असतं, पण वाढ ग्रँटमध्ये आहे, काम करून मिळवायच्या वर्क स्टडीत आहे की कर्जात, हे वेगळं पाहावं लागतं. १ मेच्या आत प्रवेश पक्का करायचा असतो. अर्ज प्रलंबित असेल तर लेखी विनंती करून मुदत मागा, काही कॉलेजं देतात.

नकार आला तर कारण लेखी विचारा. ‘खर्च मर्यादेपेक्षा कमी’ असेल तर मर्यादा कोणती, अलाउन्सचे ११ टक्के की एजीआयचे साडेसात? ‘कागद अपुरे’ असेल तर ती खिडकी उघडीच आहे. नंतर नवी बिलं भरली गेली किंवा नोकरी सुटली तर त्याच वर्षात पुन्हा अर्ज करता येतो. उलट विम्याने उशिरा पैसे परत केले तर तेही ऑफिसला कळवा. विद्यार्थ्यालाच अपंगत्व असेल तर आणखी एक दार आहे: इतर कुठून न मिळणारा त्यासंबंधीचा खर्च त्याच्या ‘कॉस्ट ऑफ अटेंडन्स’मध्ये, म्हणजे कॉलेजने धरलेल्या वर्षाच्या एकूण खर्चात, वाढवून घेता येतो. त्याने एसएआय बदलत नाही, पण मदतीची कमाल मर्यादा वाढते.

एका वर्षाचा निर्णय त्याच वर्षापुरता असतो. पुढच्या वर्षी सगळं नव्याने, कॉलेज तेच असलं तरी. आम्ही दुसऱ्या वर्षापासून १ जानेवारीला एक फोल्डर काढतो, प्रत्येक ईओबीच्या मागे त्याची पावती लावतो आणि तक्त्यात त्याच दिवशी ओळ टाकतो. जानेवारीच्या शेवटी फार्मसीची सरत्या वर्षाची यादी मागून घेतो, आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास फाफ्सा उघडतो तेव्हा आदल्या वर्षाची बेरीज तयार असते.